आरशातली अंघोळ

शनिवारी सकाळी आमच्या घरात दोनच आवाज असतात. बाहेर लॉनचे स्प्रिंकलर आणि आत आईचा मिक्सर. त्या शनिवारी मिक्सर वाजला नाही म्हणून मी खाली आले. म्हटलं, आईला बरं नाही की काय.

आई किचनमध्ये उभी होती. समोर बाबांचा दाढीचा आरसा. गोल, स्टँडवाला, एका बाजूनं साधा आणि फिरवला की चेहरा मोठा दाखवणारा. बाबा ऑगस्टपासून नाशिकला आहेत, आजोबांचं आजारपण काढतायत. त्यामुळे तो आरसा नुसता पडून होता. आरशाखाली ताम्हन ठेवलेलं. आरशासमोर ताईचा फोटो, काळ्या गाऊनमधला, कॉन्वोकेशनचा. आणि आई आरशाला तेल लावत होती.

म्हणजे आरशात ताईचं डोकं जिथे दिसत होतं, तिथे. बोटांनी, हळूहळू, गोल गोल.

‘आई, हे काय?’

‘वाढदिवस आहे तिचा. न्हाऊ नको घालायला?’

‘फोटोला?’

‘फोटोवर पाणी पडलं तर खराब होईल ना. म्हणून आरशात.’

मला हसू आलं. पण आयडिया कुठून आली ते कळलं. इथे टेक्ससमध्ये, प्लेनोत, आमच्या मंडळाचा गणपती शाडूचा असतो. त्याला खरी अंघोळ घातली तर तो विरघळेल. म्हणून अवधूतकाका मूर्तीसमोर आरसा धरतात आणि आरशातल्या गणपतीवर दूध-पाणी घालतात. अवधूतकाका सोमवार ते शुक्रवार एका बँकेचे डेटाबेस सांभाळतात, शनिवार-रविवार आमचे गुरुजी. आई दरवर्षी पहिल्या रांगेत बसून हे बघते.

तेल झालं, उटणं झालं, मग शिकेकाई. मग कोमट पाणी. आई प्रत्येक तांब्याआधी स्वतःच्या हातावर पाणी घेऊन बघत होती, जास्त गरम तर नाही ना. ते बघून माझं हसू थांबलं.

पाणी ताम्हनात जमलं. आईनं पळीनं थोडं माझ्या हातावर घातलं.

‘घे. तीर्थ.’

‘ई! शिकेकाई आहे त्यात.’

‘एक पळी घेतलीस तर मरणार नाहीस. तिचे गुण लागू देत जरा तुला.’

चहा लवकर मिळावा म्हणून मी प्यायले. कडवट होतं. आणि त्याला केसांचा वास होता. ऊन लागलेल्या केसांचा असतो तसा.

ताईबद्दल सांगायलाच पाहिजे. चैत्राली म्हणजे इथल्या सगळ्या मराठी आयांचा आरसा आहे. पोरांसमोर धरायचा आणि म्हणायचं, बघ, असं दिसायला पाहिजे. गाणं तिचं, गणित तिचं, स्कॉलरशिप तिची, कॅलिफोर्नियातला, सांता क्लाराचा जॉब तिचा. मी अकरा वर्षांची असताना आम्ही इथे आलो, तेव्हापासून मी त्या आरशासमोर उभी आहे. इलेव्हन्थमध्ये काउन्सेलर म्हणाला, ‘तुझी बहीण तर इतकी...’ त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी मी क्रोमबुक त्याच्या टेबलावर आपटलं. मग मी परत शाळेत गेलेच नाही. आता देसी ग्रोसरीत काउंटरवर बसते आणि कुणी भेंडी मोडून बघितली की त्याच्यावर ओरडते.

पण आरशालाही एके दिवशी कंटाळा आला. मे महिन्यात आईनं तिला न विचारता लग्नासाठी तिचा बायोडेटा कुणाकुणाला पाठवला. ताई म्हणाली, मी आता घरी येणार नाही आणि मला फोन करू नकोस. आणि तिनं ते पाळलं. ती तेही फर्स्टक्लास करते. फोन करायची ती फक्त मला.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी हॅपी बर्थडे म्हणायच्या आधीच ती म्हणाली, ‘गिरू, शिकेकाईला वास कसा असतो ग?’

‘का?’

‘माझ्या केसांना येतोय. आणि कानात पाणी गेलंय. यार, मी आज केस धुतलेच नाहीयेत.’

मी हॅपी बर्थडे म्हणून विषय बदलला. काय सांगणार?

आईनं ते दर शनिवारी सुरू केलं. मग रोज. फोटो कोरडा, आरसा ओला. मला वाटलं, करू दे. रडत बसण्यापेक्षा बरं. तीर्थ घेताना मी तोंड वाकडं करायचे आणि आई म्हणायची, ‘तुझ्यासाठीच करतेय ग.’

एकदा ताम्हन घासायला मी घेतलं तर तळाशी एक लांब केस होता. माझे केस खांद्याच्या वर आहेत. आईचे पांढरे. हा केस अर्धा काळा आणि पुढे तांब्यासारखा लाल. ताईनं केस लाल केलेत हे आईला माहीत नव्हतं. फोटोत तर ते काळेच आहेत.

मी तो केस सिंकमध्ये सोडला आणि खूप वेळ नळ चालू ठेवला.

ताईच्या तक्रारी विचित्र होत गेल्या. ऑफिसमधले सेन्सरचे नळ तिच्या हातांना चालू होईनात. दुकानाची दारं उघडेनात, दुसरं कुणी येईपर्यंत ती बाहेर उभी. ‘मीटिंगमध्ये मी बोलत असते ना,’ ती म्हणाली, ‘आणि ते म्हणतात, चैत्राली आज नाहीये का? आणि पुढे जातात.’

‘ओरड ना मग.’

‘ओरडले.’

तिनं व्हिडिओ चालू केला. मला आधी वाटलं, कॅमेऱ्यावर वाफ आहे. मग ती हलली, तर मागचं कपाट स्पष्ट दिसत होतं, खिडकी स्पष्ट, तिच्या कुर्त्याची नक्षी स्पष्ट. फक्त चेहरा नाही. साबणाची वडी वापरून वापरून गुळगुळीत होते, वरची अक्षरं जातात, तसं. नाक होतं, डोळे होते. पण कडा नव्हत्या. हनुवटीवर तिला टाक्यांची खूण आहे. लहानपणी गंगापूर रोडला सायकलवरून पडली होती त्याची. ती नव्हती.

तेव्हा मी तिला सांगितलं, आई काय करते ते.

ताईनं व्हिडिओ बंद केला. मग म्हणाली, ‘तिला थांबव, गिरू. माझं कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतात. तू ओरडतेस ना, लोक ऐकतात.’

मी फोन ठेवला आणि सरळ किचनमध्ये गेले. आईनं त्या दिवशी आरसा फिरवला होता. मोठा चेहरा दाखवणारी बाजू पुढे. आरशात ताईचा गाल परातीएवढा आणि आई कानामागे घासत होती, जिथे मळ साठतो तिथे. ताम्हनात करड्या वळ्या पडल्या होत्या. उटण्याच्या असतील, मी स्वतःला सांगितलं.

‘बंद कर हे.’

‘पाणी गार होईल, नंतर बोल.’

‘ताईला त्रास होतोय! तिचा चेहरा जातोय, आई!’

‘फोन केला होता तिनं?’ आईनं इतक्या पटकन मान वळवली की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. ‘काय म्हणाली? माझं विचारलं?’

मी आरसा उचलला, कारमध्ये टाकला आणि दुकानामागच्या कचऱ्याच्या डम्पस्टरमध्ये फेकून दिला. फुटलेला आवाज आला तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्टीलचं ताट उभं करून ठेवलं होतं. घासून घासून चकचकीत केलेलं. त्यात ताई लांबुळकी दिसत होती.

‘आरसाच कशाला पाहिजे?’ आई म्हणाली. ‘दिसली की झालं.’

ताटं मी लपवली. मग तिनं काळ्या ओव्हनच्या दाराला न्हाऊ घातलं. फोटो लपवला तर फोनवरचा फोटो उभा केला. मी किंचाळले, खुर्ची ढकलली. आई खाली बसून सांडलेलं पाणी फडक्यानं टिपायला लागली, टिपून टिपून वाटीत पिळायला लागली. एक थेंब फुकट जाऊ दिला नाही. मान वर न करता म्हणाली, ‘एक तरी मुलगी नीट राहू दे ग माझ्या घरात.’

मी खुर्ची सरळ केली.

अवधूतकाका दुकानात आले तेव्हा मी त्यांना कढीपत्त्याच्या फ्रीजपाशी गाठलं.

‘काका, ते गणपतीला आरशात अंघोळ घालता ना. ती माणसाला घातली तर?’

‘माणसाला कशाला? माणूस काय विरघळतो का पाण्यात?’ ते हसले. ‘शॉवर नाहीये का तुमच्याकडे?’

‘पण घातली तर काय होतं?’

‘अग, मला काय माहीत. मी युट्यूबवर बघून शिकलो. आमच्या वडिलांनी मला कॉम्प्युटर शिकवला, पौरोहित्य नाही.’ मग माझा चेहरा बघून जरा गंभीर झाले. ‘कोण करतंय असं?’

‘आणि ते पाणी? जे पितात?’

‘ते तीर्थ. मूर्तीवरून उतरलेलं. म्हणजे थोडा देव आपल्यात आला, असं.’ त्यांनी कढीपत्त्याची पिशवी उचलली. ‘म्हणून तर पितात, बेटा.’

ते गेले. मी फ्रीजचं काचेचं दार लावलं. काचेत मी दिसत होते, ॲप्रन घातलेली. हनुवटीवर एक पांढरी रेघ होती. मी ॲप्रननं काच पुसली. रेघ तशीच. मग हनुवटीवर बोट फिरवलं. बोटाला टाके लागले.

‘अय्या, चैत्राली!’

मागे आसावरीकाकू होत्या. दुधीची पिशवी घेऊन, तोंडभर हसत. ह्याच काकू दर आठवड्याला मला म्हणायच्या, अजून इथेच का ग तू?

‘कधी आलीस? आणि इथे काउंटरवर काय करतेस? गिरिजानं सोडलं वाटतं हेही काम?’

मला चिडायला पाहिजे होतं. पण मी म्हणाले, ‘नाही काकू, जरा मदत करतेय.’ छान आवाजात. काकूंनी माझ्या गालाला हात लावला. इतक्या वर्षांत इथे कुणी माझ्या गालाला हात लावला नव्हता. आणि मला, खरं सांगते, ते आवडलं.

त्या दिवसापासून मी तीर्थ घ्यायचं बंद केलं. हातावर घ्यायचे आणि सिंकमध्ये झटकायचे. आईनं बघितलं आणि पळी धुवून ठेवली. तरी माझ्या बोलण्यात ताईची वाक्यं यायला लागली. अंथरुणाच्या घड्या मी घालायला लागले, कोपऱ्याला कोपरा लावून. एका दुपारी वरण वाढून घेताना शिकेकाईचा वास आला. मी डाव वर आणला. डावाला लाल केस चिकटला होता.

‘किती दिवस, आई?’

‘पोटात जाईल ते अंगी लागेल,’ ती शांतपणे म्हणाली. ‘बघ ना, किती शहाण्यासारखी बोलतेस हल्ली.’

मी वरच्या खोलीत जाऊन ताईला फोन लावला. तिनं उचलला, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा. रूममेटनं तिच्या खोलीची जाहिरात टाकली होती. ती खोलीत बसलेली असताना लोक खोली बघून गेले होते.

‘इकडे ये,’ मी म्हणाले. ‘तू खरीखुरी समोर आलीस तर तिला आरसा कशाला पाहिजे? एकदा खरं न्हाऊ घालू दे. मग थांबेल ती. ये यार, प्लीज.’

‘मी येणार नाही म्हणाले होते ना.’

‘ताई.’

‘बरं,’ ती म्हणाली. आणि मग, ‘मला न्यायला येशील ना? कारण मला वाटतं, कॅब माझ्यासाठी थांबणार नाही.’

आईला सांगितलं, तर तिनं मला मिठीच मारली. लगेच पुरणाची डाळ भिजत घातली. आनंदात घरभर फिरत होती. त्या दिवशी तिनं कशालाच न्हाऊ घातलं नाही. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर दुपारचं ऊन काचेतून आत पसरलं होतं. सांता क्लाराकडचं विमान उतरलं, लोक बाहेर आले, मिठ्या मारून झाल्या, गर्दी संपली. ताई नाही. मी बॅगांच्या पट्ट्यापाशी उभी राहिले. पट्टा थांबला.

‘गिरू.’

ती माझ्या शेजारीच होती. किती वेळ, माहीत नाही.

कुर्ता ओळखीचा, बॅग ओळखीची. केस ओले, रंग गेलेला, ना लाल ना काळे. चेहऱ्याबद्दल मी काय लिहू? बघताना तो चेहरा होता. नजर काढली की कसा होता ते आठवत नव्हतं. मी तिचा हात धरला. बोटांची कातडी सुरकुतलेली होती, खूप वेळ पाण्यात बसल्यावर होते तशी.

‘बोर्डिंग पास कुणी मागितलाच नाही,’ ती म्हणाली. ‘माझ्या सीटवर एका माणसानं कोट ठेवला. मी तो मांडीवर घेऊन आले.’

मला हसू आलं आणि रडू आलं. तिला नाही.

कारमध्ये बसल्यावर तिला रूममेटला मेसेज करायचा होता. फोन उघडेना. ती चेहऱ्यासमोर धरत होती, परत धरत होती.

‘पासकोड टाक.’

‘आठवत नाहीये. तू बघ.’

तिनं फोन माझ्या हातात दिला. मी नुसतं खाली बघितलं.

फोन उघडला.

आम्ही दोघी त्या स्क्रीनकडे बघत राहिलो. पार्किंगमध्ये मागून कुणीतरी हॉर्न दिला.

‘ठेव तुझ्याकडेच,’ ताई म्हणाली. रागानं नाही. बसमध्ये अनोळखी माणसाला जागा देतात, तसं.

हायवेभर मी बोलत होते. नाशिकचं, सायकलचं, तिनं मला शिकवलेल्या शिव्यांचं. ती ऐकत होती आणि मधून मधून म्हणत होती, ‘हो का?’ आणि ‘मजा आहे.’ आधी वाटलं, थकलीय. मग मी म्हणाले, ‘ताई, माझं नाव काय?’

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मी स्पीड वाढवला. घरी पोचलो की आई तिला हात लावेल. आईचा हात लागला की सगळं परत येईल. मला तेवढंच दिसत होतं.

ड्राइव्हवेमध्ये कार लावली. ताईची बॅग मी काढली, तिला पुढे केलं, बेल वाजवली. आतून तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता.

दार उघडलं. आईनं नवी साडी नेसली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा, ओवाळून टाकायला. तिचे डोळे भरले होते.

तिनं हात पुढे केला. ताईच्या खांद्यावरून.

पोळीचा तुकडा माझ्या चेहऱ्याभोवती फिरला.

‘चैत्राली,’ आई म्हणाली. ‘किती वाळलीस ग.’

‘आई, मी गिरिजा.’

‘चेष्टा पुरे. गिरिजा येईल ग, कुठेतरी भटकत असेल.’ तिनं तांब्यातल्या पाण्याचं बोट माझ्या डोळ्यांना लावलं. ‘आलीस ना? मला एवढंच पाहिजे होतं.’

‘आई, ही ताई! ही बघ, ही!’ मी ताईला दंडाला धरून पुढे ओढलं. ओला दंड हातातून निसटत होता.

आईनं डोळे बारीक केले. नीट बघितलं. चेहरा शोधताना माणूस जसं बघतो तसं. मग पदर सावरला आणि हसली, पाहुण्यांसाठी हसते ते.

‘मैत्रीण का हिची? या ना, आत या. जेवूनच जा.’

मी ताईकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ओरड. एकदा.

‘नको काकू,’ ताई म्हणाली. ‘उशीर होईल मला.’

ती नाटक करत नव्हती. ताई नाटक करते तेव्हा मला कळतं.

तिनं माझ्या हातातून बॅग घेतली. ‘थँक्स फॉर द राइड, हं,’ म्हणाली आणि ड्राइव्हवे उतरून डावीकडे वळली. बॅगेची चाकं फुटपाथवर खडखडत राहिली. त्यांचा आवाज येत होता तोपर्यंत मी हाक मारू शकत होते. तोंडात तिचं नाव आलं आणि ते मला माझं वाटलं.

आई उंबरठ्यावर उभी राहून तिच्याकडे बघत होती.

‘गोड होती ग मुलगी,’ ती म्हणाली. ‘कुणाची?’